पद्मिनी उभी करताना: जुनी फियाट घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार (लोकांची ‘फियाट’) घेतलेली किंवा घ्यायच्या विचारात असलेली माणसं हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं पेट्रोल गाडीची आहेत. १३७ डी या डिझेल मॉडेलचं इंजिन वेगळं, त्याची दुखणीही वेगळी. शिवाय ही उत्तरं खिशाकडे बघून काम करणाऱ्यांसाठी आहेत. गाडी पूर्ण खोलून नट-बोल्टपासून नवी करणं हा निराळा उद्योग आहे आणि त्याचा खर्चही निराळा. माझा आग्रह एकच: गाडी चालती ठेवा आणि टप्प्याटप्प्यानं सुधारत न्या. सगळी एकदम खोललेली गाडी पैसे संपले की गॅरेजच्या कोपऱ्यात सांगाड्यासारखी पडून राहते आणि तिचे पार्ट हरवायला लागतात.

फियाट, डिलाइट, पद्मिनी या वेगवेगळ्या गाड्या की एकच?

मूळ गाडी इटलीची फियाट ११०० डी. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं ती कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावानं बनवली. १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी झाली आणि उत्पादन थांबेपर्यंत, म्हणजे साधारण २००० सालापर्यंत, त्याच नावानं विकली गेली. आरसीवर काहीही लिहिलेलं असो, बोलताना लोक फियाटच म्हणतात. सगळ्यांत १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मागच्या चाकांना ड्राइव्ह, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे कमानपाटे. बहुतेकांना हँडल गिअर, म्हणजे स्टिअरिंगजवळचा गिअर. शेवटच्या काळातल्या एस-१ मध्ये गिअर खाली फ्लोअरवर आला. पार्ट मागताना मात्र साल सांगा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांत बॅटरी चार्ज करायला एकीला डायनॅमो आणि दुसरीला अल्टरनेटर असू शकतो.

कमी बजेटमध्ये जुनी गाडी घ्यायची तर पद्मिनीच का?

या गाडीत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो. बॉनेट उघडलं की हात घालायला जागा आहे. आणि मुंबईत ती अनेक दशकं टॅक्सी म्हणून धावली, त्यामुळे तिचे झिजणारे पार्ट अमाप बनले. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा हा पुरवठा पूर्वीसारखा राहणार नाही हे धरून चाला. क्लच प्लेट, ब्रेकचे रबर किट, इग्निशनचे पॉइंट, वॉटर पंप या रोजच्या वस्तू अजून सापडतात. मूळ बंपर, चकचकीत पट्ट्या, दिव्यांच्या चांगल्या काचा, डॅशबोर्डवरचे मीटर या गोष्टींसाठी फिरावं लागतं. म्हणून गाडी निवडताना माझा सल्ला असा: इंजिन थकलेलं चालेल, पण दिसायच्या वस्तू पूर्ण असलेली गाडी घ्या. इंजिन बांधून मिळतं, न फुटलेली मूळ काच बांधून मिळत नाही.

गाडी बघायला जाताना काय बघायचं?

रंग बघू नका, पत्रा बघा. पद्मिनीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. फ्लोअर, दाराखालचे सिल आणि कमानपाटे जिथे बॉडीला अडकतात ते भाग सडले असतील तर गाडी दिसायला कितीही छान असली तरी आतून खिळखिळी असते.

सोबत टॉर्च, लोहचुंबक आणि जाड स्क्रूड्रायव्हर न्या. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळा आणि मडगार्डच्या कडा, दारांची खालची चार बोटं, डिकीचे कोपरे यांवरून फिरवा. चुंबक पकडत नसेल तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग पायाखालची मॅट उचला. मॅटखाली नवं डांबर फासलेलं दिसलं तर संशय घ्या. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका: धड पत्रा खणखणतो, सडलेला थपथप वाजतो. डिकीत स्पेअर व्हील बाहेर काढून खालची जागा बघा, तिथे पाणी साचतं.

त्यानंतर एक सोपी चाचणी. पुढचं दार नीट लागतंय ना ते आधी बघा. मग त्या बाजूनं गाडी जॅकवर उचलून तेच दार पुन्हा उघडा-लावा. उचलल्यावर दार अडायला लागलं, वरची फट बदलली, तर सिलमध्ये जीव उरलेला नाही. आणि जॅक लावताना तो पत्र्यातच घुसू लागला तर आणखी काही बघायची गरज नाही, नमस्कार करून घरी या.

इंजिन थंड असताना सुरू करायला लावा. तुम्ही पोचण्याआधीच मालकानं गाडी गरम करून ठेवली असेल तर तासभर थांबा किंवा पुन्हा जा. सुरू होताना निळा धुराचा एक भपका येऊन गेला तर बहुधा व्हॉल्व्हकडून ऑइल उतरतंय, ते काम मध्यम आहे. चालवताना सतत निळा धूर म्हणजे रिंग-पिस्टन. गाडी गरम झाल्यावरही पांढरी वाफ थांबत नसेल आणि रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे असतील तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलं आहे. ऑइलचं झाकण उघडून आत पांढरट साय दिसते का तेही बघा.

कागदांचं काय?

पत्र्याइतकंच महत्त्वाचं. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. आज रस्त्यावर असलेली जवळपास प्रत्येक पद्मिनी २० वर्षांपुढची आहे आणि ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेनं २० वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये केलं. मुदत उलटून गेली असेल तर मोटारीला दर महिन्याला ५०० रुपये उशिराचा आकार लागतो. पाच वर्षं लोळत पडलेल्या गाडीचा हाच आकडा ३०,००० होतो. वर राज्याचा पर्यावरण कर आहे. हे सगळं किंमत ठरवताना वजा करून बोला. स्वस्तात मिळालेल्या गाडीचे कागद पुष्कळदा गाडीपेक्षा महाग पडतात.

आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर प्रत्यक्ष वाचा, फोटो काढा, अक्षर-अक्षर जुळवा. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर चढवलेलं नसेल तर पासिंगला अडकाल. नंबर गंजून वाचता येत नसेल तर ती वेगळीच डोकेदुखी. मूळ मालक वारले असतील तर वारसांच्या नावावर गाडी झाल्यावरच व्यवहार करा. ‘कागद नंतर करून देतो’ असं म्हणणाऱ्याला पैसेही नंतर द्या. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आल्यामुळे तिथल्या गाड्या इकडे स्वस्तात दाखवल्या जातात, पण एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र, हातात आल्याशिवाय अशा गाडीला हात लावू नका. आणि महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना एचएसआरपी ही उच्च सुरक्षेची नंबर प्लेट सक्तीची आहे. जुन्या काळ्या पाटीवरची पांढरी अक्षरं कितीही गोड दिसली तरी ती आता भिंतीवर लावा.

बजेट किती धरावं आणि कुठून सुरुवात करावी?

शहरागणिक मजुरी बदलते, त्यामुळे एकच आकडा सांगण्यात अर्थ नाही. प्रमाण सांगतो. गाडीच्या किमतीवर आणखी तितकीच रक्कम हाताशी नसेल तर व्यवहार करू नका. त्या रकमेतला तिसरा हिस्सा शेवटपर्यंत राखून ठेवा, कारण पत्रा उघडल्याशिवाय खरं काम किती आहे ते कुणालाच कळत नाही, मिस्त्रीलाही नाही.

क्रम माझ्या मते असा. आधी गाडी थांबली पाहिजे आणि वळली पाहिजे: ब्रेक, स्टिअरिंग, टायर. मग ती पेटता कामा नये: पेट्रोलचे पाइप आणि वायरिंग. मग ती गरम होऊन बंद पडता कामा नये. त्यानंतर पाणी आत येणं बंद करा आणि गंज थांबवा. इंजिनचं मोठं काम, कुशन आणि रंग शेवटी. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात. आधी रंग मारतात, मग वेल्डिंग निघतं आणि नवा रंग जळतो.

टायरवर एक गोष्ट नक्की वाचा. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांचा टायर कडक झालेला असतो आणि पावसात पकड सोडतो. उभ्या असलेल्या गाड्यांचे टायर नेहमी ‘नवे’ दिसतात, तिथेच फसगत होते.

कित्येक वर्षं बंद असलेली गाडी सुरू कशी करावी?

बॅटरी जोडून लगेच सेल्फ मारू नका. रिंगा सिलिंडरला धरलेल्या असू शकतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लग न लावताच गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हळूहळू पुढे-मागे ढकला. चाकांबरोबर पंखा मोकळा फिरला की इंजिन सुटलं. अडत असेल तर जोर करू नका, पुन्हा ऑइल सोडून आणखी दोन दिवस थांबा.

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. त्याला वॉर्निशसारखा वास येतो आणि ते कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर सोडतं. टाकीच्या तळाशी गंजाचा चुरा असेल तर टाकी उतरवून धुऊन घ्या, नाहीतर फिल्टर दर आठवड्याला चोक होईल. कार्ब्युरेटर खोलल्यावर जेट हवेनं फुंकून साफ करा. आत तार घालू नका, जेटचं भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पीत राहते. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं घासा, पेट्रोलचे सगळे रबरी पाइप नवे टाका. मग आग विझवायचं सिलिंडर जवळ ठेवून सेल्फ मारा. सुरू झाल्यावर पहिली नजर ऑइलच्या लाल दिव्यावर. तो काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा.

आणि गाडी सुरू झाली म्हणून आनंदात रस्त्यावर नेऊ नका. ब्रेक अजून बघितलेले नाहीत.

ब्रेकला किती खर्च करावा?

लागेल तितका. इथे काटकसर नाही. चारही चाकांना ड्रम आहेत आणि जुन्या मॉडेलांत ब्रेकची लाइन एकच असते. एका चाकाच्या व्हील सिलिंडरमधून ऑइल गळलं की पॅडल थेट खाली जातं आणि चारही चाकांचे ब्रेक जातात. मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडरची रबरं एकदम बदला. आत खड्डे पडलेले असतील तर नुसतं रबर किट टाकून उपयोग नाही, नवा सिलिंडर घाला किंवा लाइनर बसवून घ्या. तिन्ही रबरी होज वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या की फेकून द्या. ड्रमला कड पडली असेल तर लेथवर टर्निंग, पण फार पातळ झालेला ड्रम बदलायचाच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण नवं. ड्रम ब्रेक मागे-पुढे होत राहतात, गाडी एका बाजूला ओढायला लागली की शू अ‍ॅडजस्ट करून घ्या.

याच वेळी पुढची किंगपिन (पुढचं चाक वळताना जिच्यावर फिरतं ती खिळी) आणि बुश बघा. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खटखट वाजलं तर काम आहे. ग्रीसगनचे निपल शोधा, त्यांच्यावरची माती खरवडा आणि ग्रीस भरा. हे वर्षानुवर्षं कुणी केलेलं नसतं, आणि जुनी किंगपिन मुख्यतः ग्रीसअभावीच मरते.

गाडी सारखी गरम होते. रेडिएटर बदलू का?

आधी बाकीचं बघा. पंख्याचा पट्टा सैल आहे का, वॉटर पंपातून पाणी ठिबकतंय का, रेडिएटरचं झाकण दाब धरतंय का, टायमिंग मागे आहे का, म्हणजे ठिणगी उशिरा पडतेय का. टायमिंग चुकलेली गाडीही गरम होते आणि लोक त्यावर रेडिएटर बदलत बसतात. मग रेडिएटर खोलून नळ्यांत सळ्या मारून साफ करून घ्या. क्षारांनी अर्ध्या नळ्या बुजलेल्या असतात.

नळाचं पाणी टाकणं आजपासून बंद. या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा आहे, साध्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं निम्मं. काढून टाकलेला थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) परत बसवा. तो काढला की गाडी थंड राहते हा समज आहे. इंजिन योग्य तापमानाला यायला उशीर लागतो आणि झीज वाढते. काटा लालकडे गेला की तिथल्या तिथे थांबा. अ‍ॅल्युमिनियमचं हेड एकदा वाकलं की फेसिंग, गॅस्केट, मजुरी असं सगळं लागतं. हेड परत बसवताना बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या दिशेनं, टप्प्याटप्प्यानं आणि टॉर्क रेंचनंच आवळले जातात की नाही, हे उभं राहून बघा.

उन्हात चालता चालता बंद पडते, अर्ध्या तासानं पुन्हा सुरू होते. काय असेल?

दोन संशयित आहेत. एक पेट्रोलचा: इंजिनाला लागून असलेला पेट्रोलचा पंप (मिस्त्री त्याला एसी पंप म्हणतात) तापतो, आतलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. पंपावर ओला फडका टाकल्यावर गाडी सुरू झाली तर दोष इथे. पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब न्या, पाइप आणि गरम भाग यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा लावा. दुसरा संशयित इग्निशनचा: कंडेन्सर किंवा कॉइल तापल्यावर काम सोडते. बंद पडल्याबरोबर प्लगची वायर काढून ठिणगी बघा. ठिणगी निळी आणि जोरदार असेल तर पेट्रोलकडे वळा, पिवळी, मरगळलेली असेल तर कंडेन्सरकडे. कंडेन्सर स्वस्त आहे, एक जास्तीचा ग्लोव्हबॉक्समध्ये कायम ठेवा.

ई२० पेट्रोल चालेल का?

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. आता पर्याय फारसा नाही. २०२५ पासून देशभर बहुतेक पंपांवर हेच मिळतं. इथेनॉल जुनी रबरं फुगवतं आणि मऊ करतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि पत्र्याच्या टाकीला आतून गंज चढवतं. त्यामुळे पेट्रोलचे पाइप इथेनॉल सोसणारे घ्या, एसी पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचं गॅस्केट किट नवं घाला, आणि फिल्टर पारदर्शक बसवा म्हणजे आतला कचरा दिसेल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण पातळ होतं. चढावर गाडी उचलत नसेल, मिसिंग मारत असेल तर कार्ब्युरेटरवाल्याकडून मेन जेट एक पायरी मोठा करून बघा. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका. रिकाम्या जागेतल्या हवेतूनच पाणी येतं.

इंजिन पूर्ण बांधावं का?

मिस्त्रीनं कान लावून ‘पूर्ण करावं लागेल’ म्हटलं म्हणून करू नका. आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजून घ्या, चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहा. चारही जवळपास सारखे असतील तर बोअरिंगची, म्हणजे सिलिंडर कातून मोठे करायची, घाई नको. एकच कमी असेल तर त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. नुसतं हेडचं काम, म्हणजे व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, नवी सील आणि फेसिंग, हे बोअरिंगपेक्षा खूप स्वस्त आहे आणि अनेकदा तेवढंच पुरतं. ऑइल २०डब्ल्यू४० किंवा २०डब्ल्यू५० मिनरल वापरा. महागडं पातळ सिंथेटिक या इंजिनाला नको, ते जुन्या सीलमधून वाट शोधतं.

पत्राकामात फसगत कशी टाळायची?

सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणं आणि वरून पत्रा चिकटवून लांबी भरणं या दोन कामांत बाहेरून काहीच फरक दिसत नाही. म्हणून अटच घाला: कापल्यावर, वेल्डिंगनंतर आणि प्रायमरनंतर असे तीनदा फोटो हवेत, आणि लांबी तुम्ही बघितल्याशिवाय लावायची नाही. पैसेही त्याच टप्प्यांवर द्या. सिल कापायच्या आधी गाडी खालून नीट आधार देऊन सपाट उभी आहे का ते बघा, नाहीतर बॉडी वाकते आणि दारं पुन्हा कधीच नीट लागत नाहीत.

पूर्ण रंग परवडत नसेल तर मारू नका. उन्हानं फिकट झालेला जुना रंग रबिंग-पॉलिशनं आश्चर्यकारक सुधारतो, आणि मूळ रंग असलेल्या गाडीला मान आहे. गंज मात्र आत्ता थांबवा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची बारीक भोकं असतात. ती चिखलानं बुजतात आणि दार आतून सडतं. दर पावसाळ्याआधी बसून एकेका भोकात तार घाला, मातीचा काळा गोळा बाहेर पडेल आणि मागून साचलेलं पाणी येईल. मग दाराच्या आत पोकळीत फवारायचं मेण मारा. जळकं ऑइल फासायची जुनी रीत सोडा, ते रबरं खातं. कोकणात आणि गोव्यात खारी हवा असते, तिथे हे वर्षातून दोनदा.

वायरिंग जुनी आहे, पण सगळे दिवे लागतात. तरी बदलू का?

डॅशबोर्डखाली डोकावून बघा. टेपनं गुंडाळलेले जोड दहापेक्षा जास्त दिसले तर पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरांचा सगळा जुडगा, नवा करून घ्या. जुन्या गाड्या जळतात त्या याच जोडांमुळे. हेडलाइटचा सगळा करंट मूळ रचनेत स्विचमधून जातो, त्यामुळे उजेडही मंद आणि स्विचही तापतो. अप्पर आणि डिपरसाठी दोन रिले आणि वेगळा फ्यूज बसवला की त्याच बल्बचा उजेड लक्षात येण्याइतका वाढतो. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी साफ करून घट्ट करा. अर्ध्या इलेक्ट्रिकल तक्रारी तिथेच संपतात. बॅटरीला कटऑफ स्विच लावा आणि गाडी उभी करताना तो बंद करा.

पार्ट कुठे शोधायचे?

मुंबईत ऑपेरा हाऊस परिसरातली दुकानं आणि कुर्ल्याचा जुन्या पार्टचा बाजार. चोर बाजारात दिवे, मूठ, बॅज अशा वस्तू अवचित हाती लागतात. पुण्यात नाना पेठेतली दुकानं आणि जुना बाजार. जुना पार्ट सोबत घेऊन जा, तोंडी वर्णनावर चुकीची वस्तू येते. जे मिळतच नाही ते बनवून घेण्यासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरसारखी जागा शोधा. बुश, पिन, शाफ्ट अशा वस्तू तिथले कारागीर नमुन्यावरून लेथवर काढून देतात. आणि काढलेला एकही मूळ पार्ट भंगारात देऊ नका. तो पुढच्या वेळचा नमुना आहे.

मिस्त्री कसा ओळखावा?

कार्ब्युरेटर ट्यून करताना आणि पॉइंटचा गॅप लावताना त्याचे हात बघा. गॅप मोजायला फीलर गेज वापरतो का, ठिणगीची वेळ बघायला टायमिंग लाइट आहे का? जुने टॅक्सीवाले ज्यांच्याकडे जायचे ते मिस्त्री आता वयस्क होत आहेत. त्यांच्याजवळ बसून शिकून घ्या, जमल्यास त्यांच्या परवानगीनं व्हिडिओ करा. या गाड्या पुढे चालत्या राहायच्या तर हे हातचं ज्ञान कुणीतरी घ्यायला हवं, आणि मालकापेक्षा जास्त गरज कुणाला आहे?

दुसरं इंजिन, मोठी चाकं, डिस्क ब्रेक असं काही करू का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलायला मनाई करतं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. रंग बदलला तरी नोंद लागते. माझं मत विचाराल तर मूळ इंजिन नीट केलं की ते या गाडीला पुरतं. करायचंच असेल तर सीटबेल्ट बसवा, पण बोल्ट धड पत्र्यात आणि मागे जाड पट्टी देऊन. सडक्या फ्लोअरला लावलेला बेल्ट वेळेवर निसटून येतो.

पन्नास वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी घ्यावी का?

जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला वेगळा नंबर मिळतो. नोंदणी शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती अशा कामांपुरती बाहेर काढता येते. रविवारी घरच्यांना घेऊन फिरायचं असेल तर साधी नोंदणीच ठेवा.

पीयूसीत नापास होते. काय करावं?

भारत स्टेज-२ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या मानकांनी बनलेल्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, आणि ट्यून केलेली पद्मिनी ती सहज पाळते. एअर फिल्टर नवा, चोक पूर्ण उघडलेला, पॉइंट-प्लग साफ, मग मिक्श्चरचा स्क्रू. गाडी चांगली गरम करून केंद्रावर न्या. पैसे देऊन कागद आणू नका. नापास होणारी गाडी तुमचंच पेट्रोल जाळत असते.

विमा?

थर्ड पार्टी सक्तीचा. १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीचा वार्षिक हप्ता जून २०२२ च्या दरानं ३,४१६ रुपये, वर जीएसटीचे नियम त्या वेळी असतील तसे. फुल इन्शुरन्ससाठी जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. केलेल्या कामाची बिलं आणि फोटो दाखवून रास्त किंमत लावून घ्या. कंपनी नाही म्हणाली तर दुसरीकडे विचारा.

रोज चालवता येईल का? घाटात नेता येईल का?

हो. किंबहुना चालवलेलीच गाडी बरी राहते. आठवड्यातून एकदा तरी वीसेक किलोमीटर काढा, नुसती जागेवर सुरू करून बंद करू नका, त्यानं सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. घाटात चढताना गिअर लवकर खाली घ्या. उतरताना तर नक्कीच दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, कारण सलग दाबून ठेवलेले ड्रम तापले की ब्रेक पकडत नाहीत. पॅडल मऊ वाटायला लागलं तर पुढच्या वळणाची वाट न पाहता बाजूला घ्या आणि ड्रम गार होऊ द्या. त्यांच्यावर पाणी मारू नका, तडकतात. डिकीत पंख्याचा पट्टा, कंडेन्सर, रोटर, पॉइंट, दोन प्लग, पेट्रोलच्या पाइपचा तुकडा, क्लिपा आणि पाच लिटर पाणी ठेवा.